टाकीच्या तोंडावरच्या चपला

टँकरचा पाइप टाकीच्या तोंडात होता आणि पाणी धो धो आत पडत होतं. त्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता, लोखंडी घमेलं भिंतीवर आपटल्याचा. ठण, ठण. मग थोडं थांबून पुन्हा ठण. मी फाटकाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. आधी वाटलं, गच्चीवर बाया काहीतरी आपटतायत. मग लक्षात आलं की आवाज वरून येत नाही, जमिनीखालून येतोय. मी उठले.

सत्तरी ओलांडलेल्या बाईला पळता येत नाही. फाटकापासून टाकीपर्यंत पंचवीस-तीस पावलं असतील. मी पोहोचले तोवर घमेलं वाजायचं थांबलं होतं. पाणी थांबलं नव्हतं. टाकीच्या तोंडाशी एकही चप्पल नव्हती. मी वाकून ओरडले, "वैजापूरवाले! ए बाई!" आतून काही आलं नाही.

आत कोण आहे हे मला विचारावं लागलं नाही. त्या दिवशी अनवाणी ती एकटीच होती.

हे कसं झालं ते पहिल्यापासून सांगते.

आम्ही पाण्याच्या टाक्या धुतो. अपार्टमेंटच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून प्रत्येक इमारतीच्या पोटात एक मोठी टाकी असते आणि गच्चीवर दोन-चार लहान. नळाचं पाणी पुरलं नाही की टँकर बोलवतात. टाकी रिकामी होऊन पुन्हा भरेपर्यंत जो वेळ मिळतो तेवढ्यात आमचं काम उरकावं लागतं. आत उतरायचं, गाळ घमेल्यात भरून वर द्यायचा, भिंती घासायच्या, ब्लीचिंग पावडर लावायची, पुसून बाहेर यायचं. मग पाणी. मी चौथी शिकले आहे. हे काम मी तीस वर्षं केलं आणि त्यातली वीस वर्षं मुकादम होते.

पिण्याच्या पाण्याच्या टाकीत चपलेनं कुणी उतरत नाही. चपला तोंडाशी काढूनच बाई आत जाते. माझा नियम त्यातूनच आला. बाहेर जितके जोड, तितक्या बाया आत. शेवटचा जोड पायात गेल्याशिवाय झाकण पडणार नाही आणि पाणी सुटणार नाही. मी तोंडाशी बसून जोड मोजायची. टँकरवाले शिव्या घालायचे, सोसायटीचे लोक घड्याळ दाखवायचे. मी हलायची नाही. माझ्या हाताखाली एकही बाई आत राहिली नाही.

माझी सून शिकलेली आहे. कॉमर्स झालंय, वर कॉम्प्युटरचा कोर्स. मुलगा परगावी कंपनीत असतो आणि ती मुकुंदवाडीत माझ्याजवळ. ती मला आत्या म्हणते, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. माझे गुडघे गेले तेव्हा कामाचा कारभार तिनं हातात घेतला आणि चांगला चालवला. माझ्या वेळी चार बाया होत्या, तिनं बारा केल्या. कुठल्या दिवशी कुठली टाकी हे मी डोक्यात ठेवायची. तिनं त्यासाठी एक सॉफ्टवेअर घेतलं. पडद्यावर तीन रकाने होते, करायचं, चालू, झालं. एकेका टाकीची एकेक चिठ्ठी. काम पुढं गेलं की चिठ्ठी बोटानं पुढच्या रकान्यात सरकवायची. झालेल्या कामाची चिठ्ठी हिरवी व्हायची. मी त्याला पाटी म्हणायची. पाटी मला आवडली होती, खोटं कशाला बोलू. पूर्वी दोन टोळ्या एकाच दारात जाऊन उभ्या राहायच्या, ते बंद झालं.

मग तिनं त्या पाटीला एआय जोडला.

एआय तिच्या मोबाइलमध्ये आधीपासून होता. पत्र लिहून दे म्हटलं की लिहून द्यायचा, हिशेब सांग म्हटलं की सांगायचा. नुसता बोलणारा होता. आता तो पाटीवरच्या चिठ्ठ्या वाचणार होता आणि हलवणार होता. बाया ग्रुपवर फोटो टाकतात ते बघणार होता. टँकरवाल्याला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला स्वतःच निरोप धाडणार होता.

"म्हंजे त्याला हात फुटले म्हण की," मी म्हटलं.

"व्हय आत्या, तसंच समजा."

"आणि हात कुणी धरायचा त्याचा?"

"मी हाय ना."

पहिला महिनाभर ती होती. तो प्रत्येक वेळी विचारायचा, ही चिठ्ठी 'झालं'मध्ये हलवू का? टँकरला निरोप देऊ का? सून 'हो' दाबायची. दिवसातून चाळीस वेळा. भाकरी थापताना पिठाच्या बोटानं दाबायची, मोबाइलच्या काचेवर पांढरे ठसे असायचे. एक दिवस वैतागून म्हणाली, "आत्या, दरवेळी मी होच म्हणते. एकदा तरी नाही म्हटलं का मी? मग हा इचारतो कशाला?" आणि तिनं त्याला सांगून टाकलं की विचारू नको, करत जा.

मी तिथंच ज्वारी निवडत बसले होते. निवडत राहिले.

एकच अडचण राहिली होती. काम झाल्यावर बाया 'झालं' लिहायला विसरायच्या. हात ओले, मोबाइल पिशवीत, दुसऱ्या टाकीची घाई. फोटो मात्र टाकायच्या, कारण फोटोशिवाय सोसायटी मानत नाही. म्हणून सुनेला वाटलं, फोटोवरूनच त्याला कळलं तर बरं. आषाढातली दुपार होती. तिनं मला विचारलं, "आत्या, आत कुणी नाही हे तुम्ही कसं ओळखता?"

"चपलांवरून."

"फक्त चपला?"

"मग काय डोकी मोजू अंधारात? तोंडाशी चपला नसल्या की आत कुणी नाय."

तिनं माझ्यासमोर ते टाइप केलं आणि वाचून दाखवलं. टाकीच्या तोंडाशी चपला नसतील तर टाकीत कोणी नाही असे समजावे. मी म्हटलं, बरोबर. ते वाक्य माझं आहे. यंत्राचं नाही आणि सुनेचंही नाही.

काही दिवस तर तो माझ्यापेक्षा काटेकोर निघाला. एका शाळेत कुत्र्यानं एक चप्पल पळवली. फोटोत एकच दिसली तर यानं चिठ्ठी हलवली नाही. ग्रुपवर लिहिलं, एकच चप्पल दिसते आहे, कृपया खात्री करा. बाया हसून हसून लोळल्या. "कळवा त्याला, अर्धीच बाई हाय आत, अर्धी चहाला गेली." सून माझ्याकडं बघून म्हणाली, "बघा, किती जपतो." मलाही तसंच वाटलं. त्यानंतर तिनं मला सांगितलं, "आत्या, तुम्ही आता उन्हातान्हात तोंडाशी नका बसू. घरी राहा." मी घरी राहिले नाही. पण तोंडाशी बसायचं सोडलं. फाटकाजवळ सावलीत खुर्ची टाकून बसायला लागले.

आता जे मी सुनेला सांगितलं नव्हतं ते सांगते. नवरात्रात काही बाया नऊ दिवस पायात काही घालत नाहीत. नवस असतो. तशाच कामाला येतात, तशाच कर्णपुऱ्याच्या देवीला चालत जातात. अशा बाईला आत सोडायच्या आधी मी तिची डब्याची पिशवी झाकणाच्या कडीला अडकवायला लावायची. पिशवी म्हणजे तिचा जोड. पिशवी निघाली की बाई बाहेर. हे मी कुणाला शिकवलं नव्हतं. वर्षातल्या नऊ दिवसांची गोष्ट, आणि तीही माझ्या घरची नाही. आमचं घर बौद्ध. नवस नाही, घट नाही, अनवाणी चालणं नाही. आषाढात सुनेनं विचारलं तेव्हा मला नवरात्र आठवलंच नाही. सुनेलाही सुचण्याचं कारण नव्हतं. आणि तो तर काय, त्याला चपला सांगितल्या, त्यानं चपला धरल्या.

त्या दिवशी पाचवी माळ होती. बीड बायपासकडची एक सोसायटी, नवी, पार्किंगच्या फरशीखाली टाकी. चार बाया होत्या. त्यातली एक वैजापूरकडची, म्हणून तिला सगळ्या वैजापूरवाली म्हणायच्या. चाळिशीची, अंगानं बारीक, म्हणून अवघड जागी नेहमी तीच शिरायची. तिच्या मुलीला दिवस गेले होते. मुलगी सुखरूप सुटावी म्हणून ती अनवाणी होती.

"पाय बघ तुझे," मी तिला सकाळी म्हटलं. "डांबरानं सोलून निघालेत."

"देवी बघंल मावशी."

"देवीला लई कामं हायेत. पिशवी कुठंय तुझी?"

ती काही बोलायच्या आत टोळीतली धाकटी हसली. तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि जीभ फार चालायची. "मावशी, तुमची मुकादमी आता मोबाइलनं घेतली. तुम्ही सावलीत बसा, नाहीतर तो तुमचीच चप्पल मोजंल."

सगळ्या हसल्या. वैजापूरवालीही हसली. मला राग आला. कडीला पिशवी अडकव, एवढं म्हणायचं राहिलं होतं. तोंडावर आलेलं मी गिळलं आणि खुर्ची ओढून फाटकाशी जाऊन बसले.

ती टाकी दोन खणांची होती. पुढच्या खणात तोंडावरून लोखंडी शिडीनं उतरायचं. मधल्या भिंतीला अगदी खाली एक भोक, रांगत जावं लागेल एवढं. त्यातून मागच्या खणात. मागच्या खणाला वरून तोंड नव्हतं. चौघींनी मिळून पुढचा खण घासला. मग वैजापूरवाली घमेलं आणि बॅटरी घेऊन भोकातून मागं गेली आणि बाकी तिघी गच्चीवरच्या टाक्या धुवायला निघाल्या. निघताना तिघींनी आपापल्या चपला पायात घातल्या. धाकटीनं सवयीनं दोन फोटो काढले. एक आतल्या स्वच्छ खणाचा, एक टाकीच्या तोंडाचा. 'झालं' असं तिनं लिहिलं नव्हतं, हे मी नंतर स्वतः वाचलं. खाली रेंज कमी होती. ती जिना चढून वर गेली तेव्हा फोटो सुटले.

सून त्याच वेळी पहिल्या मजल्यावर सेक्रेटरीच्या घरी होती. त्यांना ही पद्धत बघायची होती, त्यांच्या भावाच्या सोसायटीलाही लावायची होती. ती त्यांना मोबाइलवर पाटी दाखवत होती. तिच्या बोटाखाली चिठ्ठी आपोआप सरकली आणि हिरवी झाली. सेक्रेटरी म्हणाले, वा. सुनेनं चहाचा घोट घेतला. हे तिनं मला पुढं कितीतरी वेळा सांगितलं. तो घोट तिला आठवतो.

टँकर कोपऱ्यावरच उभा होता. फाटकातून वळला तेव्हा मी ड्रायव्हरला विचारलं, "एवढ्या लवकर?"

"मेसेज आला ना आजी. टाकी तयार, पाणी भरा."

मुकादम झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं की टँकर आला आणि मी उठून तोंडाशी गेले नाही. त्या दिवशी मी गेले नाही. मनात म्हटलं, त्यानं मोजल्या असतील. म्हटलं, मुकादमी त्याची आहे, तर त्यानं बघावं. ड्रायव्हरनं पाइप सोडला, कॉक उघडला आणि रस्त्यापलीकडं टपरीवर गेला. मी बसून राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग घमेलं वाजलं.

हाकेला उत्तर आलं नाही तेव्हा मी पाइप धरला. पाणी वाहत असताना तो पाइप जनावरासारखा असतो. दोन्ही हातांनी ओढला, पाय लावून ओढला. तो एकदम बाहेर आला आणि उसळून माझ्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. दुखलं नंतर. पार्किंगभर पाणी झालं. मी ओरडले, वॉचमन पळत आला आणि त्यानं टँकरचा कॉक फिरवला.

मग शांत झालं. टाकीतून फक्त पाणी हलल्याचा आवाज येत होता आणि ब्लीचिंगचा वास वर येत होता, डोळे चुरचुरायला लागतील असा. पुढच्या खणात कमरेच्या वर पाणी होतं. मधलं भोक कधीच बुडालं होतं.

सून जिन्यातून पळत आली. पहिलं काय म्हणाली तर, "आत्या, हे काय केलं? चिठ्ठी हिरवी हाय."

"हिरवी असंल. आत बाई हाय."

"चपला नाहीत पण."

"नवरात्र हाय," मी म्हटलं. "वैजापूरवाली अनवाणी हाय."

तिला कळायला एक क्षण लागला. तिनं मोबाइल माझ्या डाव्या हातात दिला. ओढणी काढून फेकली. मग सँडल काढले आणि टाकीच्या तोंडाशी नीट शेजारी शेजारी ठेवले. लहानपणापासून कुणी तिला ते शिकवलं नव्हतं. माझ्याकडं बघून बघून तिला कळलं असेल. ती शिडीनं उतरली. याआधी ती एकदाही टाकीत गेली नव्हती. पोहता येत नाही तिला.

"भिंतीला हात लावून जा," मी वरून सांगितलं. "डाव्या अंगाला, खाली. भोक गुडघ्याएवढं हाय. श्वास धर आणि डोकं आधी घाल."

ती पाण्याखाली गेली. मी मोडका हात पोटाशी धरून तिच्या सँडलजवळ उभी राहिले. वॉचमनला मी म्हटलं, हालू नको, वर ओढायला माणूस लागंल. तो का थांबला कोण जाणे, पण थांबला.

डाव्या हातातला मोबाइल थरथरला. मी चौथी शिकले आहे, वाचता येतं मला. त्यानं लिहिलं होतं, टाकी क्रमांक एक पूर्ण. दुसऱ्या टँकरला निरोप पाठवला आहे.

त्याला थांब कसं म्हणायचं हे मला माहीत नव्हतं. मी पडद्याला म्हटलं, "थांब." तोंडानं म्हटलं. मग अंगठ्यानं दाबत राहिले. चिठ्ठ्या इकडच्या तिकडं झाल्या, तो काही थांबला नाही. आणि तेवढ्यात फाटकात हॉर्न वाजला. ती टाकी भरायला दोन टँकर लागायचे, त्यातला दुसरा आला होता. वॉचमन पळाला आणि त्यानं फाटक आतून लावून घेतलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. त्याची काय चूक. त्याला मेसेज आला होता.

मी सँडलांकडं बघत होते. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. जोड बाहेर, बाई आत. एक जोड आणि दोन बाया.

पाणी हललं. आधी हात दिसला, हिरव्या बांगड्यांचा. तो वैजापूरवालीचा होता. पाण्याचा लोट भोकातून आला तेव्हा ती आडवी होऊन भिंतीवर आपटली होती, कपाळ फुटलं होतं, बॅटरी विझली होती. अंधारात घमेलं आपटत होती ती, मग घमेलंही हातातून गेलं. सुनेनं तिला केसांना धरून भोकातून ओढलं होतं. शिडीशी आणलं. वॉचमननं आणि टपरीवरून परतलेल्या पहिल्या ड्रायव्हरनं वरून धरलं. तिला फरशीवर पालथी टाकली तेव्हा तिच्या तोंडातून पांढरं पाणी आलं. गच्चीवरच्या तिघी खाली आल्या होत्या. धाकटी भिंतीला टेकून खाली बसली आणि ओकली.

सून मागून एकटी चढली. तिचे डोळे लाल होते, उघडत नव्हते. तिनं पायानं चाचपडून सँडल शोधले. मी ते तिच्या पायात घातले. मग मी झाकण ओढायला सांगितलं.

आमच्याविषयी पुढं बरंच बोललं गेलं, सोसायटीत आणि बाहेरही. त्यातलं बरंचसं खरं होतं. सुनेनं त्याला पाटीपासून तोडलं नाही. बारा बायांचं काम आता त्याच्याशिवाय चालत नाही म्हणते. तिनं चपलांचं वाक्य काढलं, आत जाणाऱ्या प्रत्येकीचं नाव लिहायला लावलं आणि त्याला पुन्हा विचारायला सांगितलं. तो विचारतो. प्रत्येक वेळी विचारतो. परवा मी चुलीपाशी... आता चूल नाही, गॅस आहे, तिथंच बसले होते. ती भाकरी थापत होती. मोबाइल वाजला. तिनं न बघता पिठाच्या बोटानं 'हो' दाबलं.

मी तिचं मनगट धरलं. "काय इचारलं त्यानं?"

तिनं हात पुसला आणि काय विचारलं ते बघायला मोबाइल उचलला.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा टाकीच्या तोंडाशी बसते. उजव्या हातानं मला आता वेणीही घालता येत नाही, पण मोजायला हात लागत नाही. धाकटी आता काही बोलत नाही. उतरायच्या आधी स्वतःची पिशवी कडीला अडकवते, पायात चपला असल्या तरी.

वैजापूरवालीच्या कपाळावर खूण आहे आणि एका डोळ्यानं तिला धुरकट दिसतं. मुलगी सुखरूप सुटली. ती म्हणते देवीनं केलं. मी तिच्याशी वाद घालत नाही.

त्या दिवशी पाणी चढल्यावर त्या टाकीत दोघी होत्या, वैजापूरवाली आणि माझी सून. दोघी जगल्या.